फिलिस व्हीटलीकडे दाखला मागणारे

आठ ओळींच्या एका कवितेवर किती तरी वर्षं खटला चालू आहे, आणि त्यात आरोपीची बाकीची कागदपत्रं उघडून पाहायची तसदी फारसं कुणी घेत नाही. कविता फिलिस व्हीटलीची. पश्चिम आफ्रिकेतून पळवून आणलेली आणि १७६१ साली बॉस्टनमध्ये विकली गेलेली ही मुलगी. १७७३ साली तिच्या कवितांचं पुस्तक लंडनमध्ये छापून निघालं आणि काव्यसंग्रह प्रसिद्ध करणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन व्यक्ती ठरली. त्या आठ ओळींत ती म्हणते, माझ्या विधर्मी देशातून मला इथे आणलं ती दयाच म्हणायची, कारण इथे मला देव कळला, तारणहार कळला. परवा दलित साहित्य आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य यांच्या तुलनेवर एक चर्चा ऐकत होतो. एका वक्त्याने ही कविता काढली आणि निकाल देऊन टाकला: पळवून आणणाऱ्यांचे आभार मानणारी ही बाई, हिला कसली आद्य कवयित्री म्हणता? दुसऱ्याने तितक्याच तावातावाने उत्तर दिलं: तुम्हाला कवितेतलं कळतच नाही, हा सगळा उपरोध आहे, ओळीओळीत बंड लपलंय. टाळ्या दोघांनाही पडल्या.

मला वाटतं दोघेही एकच चूक करत आहेत. दोघांनाही फिलिसकडून एक दाखला हवा आहे, एकाला निष्ठेचा आरोप सिद्ध करायला आणि दुसऱ्याला तो खोडायला. ती लेखिका होती, पुस्तक छापून आणणं आणि विकणं हा तिच्या आयुष्यातला सर्वात मोठा उद्योग होता, हे दोघांच्याही बोलण्यात येत नाही. माझं म्हणणं साधं आहे. गुलाम असलेल्या माणसाचं छापील पुस्तक म्हणजे त्याचं मन नव्हे. छापखान्याच्या दारातून जेवढं सुटलं तेवढंच त्यात असतं. फिलिसला समजून घ्यायचं तर दारात काय अडलं, कुणी अडवलं आणि दार उघडल्यावर ती काय बोलली, हे आधी बघावं लागेल. ते बघितलं की निष्ठावान की बंडखोर हा प्रश्नच पोरकट वाटू लागतो.

आधी ती कुठून बोलत होती ते पाहू. जुलै १७६१मध्ये ‘फिलिस’ नावाचं जहाज बॉस्टनला लागलं. त्यात आलेल्या या मुलीचे पुढचे दुधाचे दात पडलेले होते, त्यावरून वय सात-आठ असावं असा अंदाज विकत घेणाऱ्यांनी केला. जॉन व्हीटली हा शिंपी आणि व्यापारी, किंग स्ट्रीटवर घर. त्याने बायकोच्या, सुझॅनाच्या, हाताखाली म्हणून तिला घेतलं. नाव जहाजाचं, आडनाव मालकाचं. तिचं आधीचं नाव काय होतं हे कुठल्याच कागदावर नाही. मालकाच्या मुलीने, मेरीने, तिला वाचायला शिकवलं. सोळा महिन्यांत ती बायबलमधले अवघड उतारे वाचू लागली, असं खुद्द जॉन व्हीटलीने पुढे लिहून दिलं आहे. मग लॅटिन, मग मिल्टन आणि पोप हे इंग्रजी कवी. १७६७ साली न्यूपोर्टच्या वृत्तपत्रात तिची पहिली कविता छापून आली. त्याच सुमाराला तिने हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना उद्देशून एक कविता लिहिली. पापापासून सावध राहा, एक इथिओपियन, म्हणजे त्या काळच्या भाषेत आफ्रिकन, तुम्हाला सांगते आहे, असं त्यात ती बजावते. त्या काळच्या बोस्टनी बड्या घरांतल्या पोरांना चौदा-पंधरा वर्षांची गुलाम मुलगी उपदेश करते आहे! हा सूर आज्ञाधारक म्हणायचा का? १७७० साली व्हाइटफील्ड या गाजलेल्या धर्मोपदेशकावर तिने विलापगीत लिहिलं आणि ते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर विकलं गेलं.

फेब्रुवारी १७७२मध्ये बॉस्टनच्या वृत्तपत्रात तिच्या पुस्तकाची जाहिरात आली. तेव्हाची रीत अशी, की आधी वर्गणीदार जमवायचे, ठरलेली संख्या भरली की मग छापायचं. इथे तीनशे प्रतींची अट होती. त्या जाहिरातीत कवितांची यादीच दिलेली आहे आणि ती यादी हा माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वात महत्त्वाचा पुरावा आहे. ब्रिटिश लष्करी जहाजं बॉस्टनला आली आणि सैन्य उतरलं त्यावर कविता. ५ मार्च १७७०च्या संध्याकाळी किंग स्ट्रीटवर सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या त्यावर कविता, म्हणजे तिच्या घराच्या रस्त्यावर घडलेल्या घटनेवर. त्याच्या काही दिवस आधी जकात खात्याच्या एका खबऱ्याने गोळी घातलेल्या लहान मुलावर कविता; त्या पोराला ती या लढ्याचा पहिला हुतात्मा म्हणते. म्हणजे ही मुलगी आपल्या शहरातलं राजकारण डोळे उघडे ठेवून बघत होती आणि त्यावर लिहीतही होती.

वर्गणीदार जमले नाहीत. मग लंडन गाठावं लागलं. तिथला प्रकाशक आर्चिबाल्ड बेल. आश्रय हंटिंग्डनच्या काउंटेसचा, ती धर्मपरायण बाई. लंडनच्या गिऱ्हाइकाला ब्रिटिश सैन्याच्या गोळीबारावरच्या कविता कशाला हव्यात? त्या गळाल्या. भक्तिपर कविता राहिल्या, मेलेल्यांवरची विलापगीतं राहिली, राजाला उद्देशून लिहिलेली कविता राहिली. त्या आठ ओळीही राहिल्या. बॉस्टनमध्ये हवे तेवढे वर्गणीदार मिळाले असते तर फिलिसचं पहिलं पुस्तक म्हणून आपण आज वेगळंच पुस्तक वाचत असतो. तिचा स्वभाव म्हणून जो आपण सांगतो, त्यातला बराचसा भाग बाजारपेठेचा स्वभाव आहे.

पुस्तकाच्या सुरुवातीला तो प्रसिद्ध दाखला आहे. बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांनी सह्या करून सांगितलं की या कविता फिलिसनेच लिहिल्या आहेत. काही वर्षांपूर्वी ही आफ्रिकेतून असंस्कृत रानटी म्हणून आणली गेली, आजही ती या गावात एका घरात गुलाम आहे, आणि जाणत्या परीक्षकांनी तिची परीक्षा घेतली आहे, असा त्याचा मजकूर. सह्या करणाऱ्यांत ब्रिटिश राजाचा गव्हर्नर हचिन्सन आहे आणि त्याच्या विरोधातल्या चळवळीतला जॉन हॅन्कॉकही आहे; राजकारणात एकमेकांच्या उरावर बसलेली ही माणसं या एका कागदावर शेजारी नांदतात. पुढे या दाखल्याभोवती एक नाट्यमय चित्र रंगवलं गेलं: मोठं दालन, अर्धवर्तुळात बसलेले अठरा पुरुष, मधे उभी एकटी मुलगी आणि प्रश्नांचा भडिमार. असा दरबार भरल्याचा एकही समकालीन कागद नाही. तरीही ते चित्र लोकांना सोडवत नाही, कारण ते सोयीचं आहे. फिलिस उभी, बाकीचे बसलेले, आणि निकाल त्यांच्या हातात. आजची चर्चा त्याच मांडणीत चालते, फक्त खुर्च्यांवर आपण बसलो आहोत.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे. ‘दया’ हा शब्द त्या कवितेत आहे आणि तो कुठल्याही कसरतीने पुसता येत नाही. ती कविता तिने पंधराव्या वर्षाच्या आसपास लिहिली ही सबबही पुरेशी नाही, कारण पाच वर्षांनी ती पुस्तकात गेली. सुझॅना व्हीटली १७७४ साली वारली तेव्हा न्यूपोर्टच्या आपल्या मैत्रिणीला, ओबूर टॅनरला, फिलिसने लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. मी एक टाकलेली, परकी पोर होते तेव्हा तिने मला घरात घेतलं, नोकरापेक्षा लेकीसारखं वागवलं, असं ती लिहिते. ओबूर स्वतः गुलाम होती. तिच्यापुढे ढोंग करायचं फिलिसला काही कारण नव्हतं. म्हणजे ही माया खरी होती. ज्यांना फिलिस ओळीओळीत सुरुंग पेरणारी हवी आहे त्यांनी हे पत्र बाजूला सारून चालणार नाही. आणि जे तिच्यावर रागावतात त्यांचाही राग काही हवेतून आलेला नाही. गुलामगिरीमुळे आफ्रिकन लोकांचं भलंच झालं, असं म्हणणाऱ्यांची परंपरा अमेरिकेत लांबलचक आहे. त्यांच्या हातात ही कविता आयती पडते.

पण या रागाची वंशावळ बघा, ती चमत्कारिक आहे. १७८७ साली, फिलिस जाऊन तीन वर्षं होत नाहीत तोच, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचा व्हर्जिनियावरचा ग्रंथ लंडनला छापला गेला. त्यात तो म्हणतो, धर्माने एक फिलिस निर्माण केली खरी, पण धर्माला कवी काही निर्माण करता आला नाही. तिच्या नावावर छापलेलं टीकेच्या योग्यतेचंही नाही. तिचं आडनावही त्याला धड लिहिता आलेलं नाही. आणि त्याच्या जरा आधी म्हणतो, दुःखातून हृदयाला भिडणारी कविता जन्मते. कृष्णवर्णीयांपाशी दुःख भरपूर आहे, देव जाणतो, पण कविता नाही. ते दुःख कुठून आलं हे त्याला घरबसल्या ठाऊक होतं, शेकडो माणसं त्याच्या मालकीची होती. आता १९६२मध्ये या. पुढे अमिरी बराका म्हणून गाजलेले लिरॉय जोन्स एका भाषणात म्हणतात की फिलिसच्या कविता म्हणजे अठराव्या शतकातल्या इंग्रजी कवितेच्या गोडगोड नकला आहेत आणि दक्षिणेतल्या रात्री चिरत जाणाऱ्या काळ्या आवाजांशी त्यांचं काही नातं नाही. दोघांचे हेतू दोन टोकांचे. एकाला सिद्ध करायचं होतं की काळा माणूस कवी होऊच शकत नाही. दुसऱ्याला खरी काळी कविता कुठे आहे ते दाखवायचं होतं. पण दोघांची मागणी सारखीच आहे: दुःख दाखव. आम्हाला ओळखू येईल अशा रूपात दाखव, नाहीतर तुझी कविता खरी नाही. पुढे १९७४ साली कृष्णवर्णीय लेखिका ॲलिस वॉकरने तिची बाजू घेतली, ती मूर्खही नव्हती आणि फितूरही नव्हती, घरादारापासून तोडलेली एक आजारी मुलगी होती, असं म्हणून. मायेने म्हटलं, पण त्या मायेतही लेखिका हरवलीच. आरोपीला सोडलं, पण कीव करून.

नकलेचा आरोप तर मला कधीच समजला नाही. अठराव्या शतकात इंग्रजीत कविता लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण पोपचे यमकबद्ध द्विपदी छंद गिरवत होता, लंडनमध्येही आणि बॉस्टनमध्येही. घडीव छंद, पुराणकथांचे संदर्भ, पूर्वसूरींना वंदन, ही त्या काळची विद्वत्ता होती. त्याच वर्षांत आपल्याकडे बारामतीला मोरोपंत आर्यांवर आर्या रचत होते. त्यांनी स्वतःचं दुःख का मांडलं नाही, असं त्यांना कुणी विचारत नाही. नकलेचा ठपका येतो तो फक्त ज्यांना त्या विद्येच्या ओसरीवर येण्याची मुभा नव्हती त्यांच्यावर. त्यातही फिलिस नुसती गिरवत नव्हती. संग्रहातल्या पहिल्याच कवितेत ती रोमन नाटककार टेरेन्सचं नाव घेते, तळटीप देऊन सांगते की हा जन्माने आफ्रिकन होता, आणि काव्यदेवतांना विचारते की आफ्रिकेच्या काळ्या वंशातल्या एकट्यावरच ही मेहेरबानी का? तिला अपवाद म्हणून मिरवणाऱ्या पुस्तकाच्या पहिल्या कवितेत तिने अपवादावरच बोट ठेवलं आहे.

आपल्याकडे हा वाद चोखोबांच्या निमित्ताने झालेला आहे. ‘जोहार मायबाप जोहार’ म्हणणारा, आपल्या जन्माला पूर्वकर्म जबाबदार धरणारा हा संत लाचार होता की काय, असं दलित साहित्याच्या पहिल्या पिढीतल्या काहींनी विचारलं, आणि विचारणं भागही होतं. पण ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हेही त्याच चोखोबांचं. अस्पृश्यतेच्या उगमावरचा १९४८चा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. जोहार त्यांना ठाऊक नव्हता असं थोडंच आहे?

त्याहून जवळचं उदाहरण मुक्ता साळवेचं. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मातंग मुलगी चौदाएक वर्षांची असताना मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून येतो. ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मराठी मिशनचं, आणि त्या मिशनची मूळ संस्था फिलिसच्याच बॉस्टनमध्ये. पेशवाईतल्या छळाचं वर्णन करताना मुक्ता इंग्रजी अमलाला दुवा देते. आम्हाला धर्मग्रंथ वाचायचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता, हा तिचा जळजळीत सवाल आपण आज अभिमानाने उद्धृत करतो आणि इंग्रजांना दिलेल्या दुव्याचा वेळ-काळ समजून घेतो. मिशनच्या नियतकालिकात, इंग्रजांच्या राज्यात, पेशवाई जाऊन चाळीस वर्षंही झालेली नसताना ती मुलगी आणखी काय लिहिणार होती? आणि खरंच तिला तो फरक जाणवला नसेल असं कशावरून? ही समज मुक्तासाठी आपल्यापाशी आहे. मग फिलिसच्या वाट्याला आलं की तीच समज कुठे जाते? समुद्रापलीकडची म्हणून ती फक्त तुलनेच्या तक्त्यातला एक रकाना होऊन बसते का?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, गुप्त बंडाच्या बाजूकडे. या मंडळींनी त्या आठ ओळींतल्या काइनच्या, म्हणजे बायबलमधल्या भावाचा खून करणाऱ्याच्या, उल्लेखात उसाची गोष्ट शोधली आहे, कारण इंग्रजीत काइन आणि ऊस हे शब्द सारखेच ऐकू येतात, आणि ‘शुद्ध होणे’ या शब्दात साखरेचा कारखाना. असेल, नसेल. कवीच्या कानाला असले ध्वनी ऐकू येतात. पण सगळा बचाव त्यावर उभा केला की एक गोष्ट आपोआप कबूल होते: तिने जे उघड म्हटलं ते तिचं नाहीच. म्हणजे तिचा देव तिचा नाही, तिची प्रार्थना तिची नाही, मैत्रिणीला लिहिलेली पत्रंही मुखवटा. मायदेश हिरावला, नाव हिरावलं, आता श्रद्धाही काढून घ्यायची, तीही तिच्या भल्यासाठी! मला हे पटत नाही. ती श्रद्धाळू होती, आणि तिची सर्वात धारदार वाक्यं त्या श्रद्धेतूनच आलेली आहेत. त्याच आठ ओळींचा उत्तरार्ध नीट वाचा. आमच्या काळ्या वंशाकडे काही जण तिरस्काराने बघतात, हा रंग सैतानी आहे म्हणतात. ख्रिस्त्यांनो, लक्षात ठेवा, काळे लोकही देवदूतांच्या रांगेत जाऊन बसू शकतात. ‘लक्षात ठेवा’ हे आज्ञार्थी आहे. इथे गुप्त काही नाही. तुमचाच धर्म तुमच्यासमोर ठेवून ती हिशेब मागते आहे, आपल्या संतांनी मागितला तसा.

डार्टमथचा अर्ल वसाहतींचा मंत्री झाला तेव्हा, १७७२ साली, तिने त्याच्यावर कविता लिहिली. वरवर गौरवपर. अर्ध्यावर ती अचानक थांबते आणि सांगते, महाराज, माझ्या तोंडी स्वातंत्र्याची ही ओढ कुठून आली असं तुम्हाला वाटत असेल, तर ऐका. लहानपणी मला आफ्रिकेतून ओढून आणलं. माझ्या आईबापांच्या छातीत काय कालवाकालव झाली असेल? बापाच्या हातून लाडकं लेकरू हिसकावणाऱ्याचं काळीज पोलादाचंच असणार. हे माझ्या बाबतीत घडलं. मग इतरांना तरी जुलूम भोगावा लागू नये, याखेरीज मी काय मागणार? ही कविता त्याच संग्रहात आहे, त्या आठ ओळींपासून काही पानांवर. पळवून आणणं ही दया आणि पळवून आणणारा पाषाणहृदयी, ही दोन्ही विधानं एकाच पुस्तकात, एकाच बाईची. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी श्रद्धाळू घरातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईशी तासभर बोलावं. देवाने केलं ते बरं केलं, आणि ज्याने केलं त्या मेल्याचं वाटोळं होवो, ही वाक्यं ती एका दमात बोलते.

छापखान्याच्या दाराचा मुद्दा आता पुन्हा काढतो, कारण इथून पुढे गोष्ट खरी रंगते. मे १७७३मध्ये मालकाच्या मुलाबरोबर फिलिस लंडनला निघाली. तिथे बेंजामिन फ्रँकलिन तिला भेटायला आला. डार्टमथने पाच गिनी दिल्या आणि पोपचे समग्र ग्रंथ घ्यायला सांगितलं, ते तिने घेतले. आणि ग्रॅनव्हिल शार्पने तिला टॉवर ऑफ लंडनमधले सिंह दाखवायला नेलं. हा शार्प कोण? आदल्याच वर्षी गाजलेल्या सॉमरसेट खटल्यामागचा माणूस. इंग्लंडात आलेल्या गुलामाला त्याच्या मनाविरुद्ध जबरदस्तीने बाहेर नेता येणार नाही, असा निकाल त्या खटल्यात जून १७७२मध्ये लागला होता. ज्या भूमीवरून मालक तिला जबरदस्तीने नेऊ शकत नव्हता, त्या भूमीवर ती त्याच खटल्याच्या सूत्रधाराबरोबर हिंडत होती. पिंजऱ्यातले सिंह बघताना त्यांच्यात फक्त हवापाण्याच्या गप्पा झाल्या असतील काय? मालकीण आजारी पडली म्हणून पुस्तक हातात पडायच्या आधीच ती बॉस्टनला परतली. १८ ऑक्टोबर १७७३ला ती न्यू हेवनच्या डेव्हिड वूस्टरला लिहिते: इंग्लंडमधल्या माझ्या मित्रांच्या इच्छेवरून मालकाने मला मुक्त केलं आहे.

हे वूस्टरला लिहिलेलं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण फिलिसची खरी गद्यशैली त्यात आहे. मुक्तीचा दस्त असा केला आहे की मालकाच्या पश्चात त्याच्या वारसांना, कारभाऱ्यांना माझ्या अंगाला की माझ्या मिळकतीला हात लावता येणार नाही, हे ती सांगते. त्याची एक नक्कल लंडनमध्ये एका भरवशाच्या गृहस्थाकडे पाठवून ठेवली आहे. मग पुस्तकाचा विषय. ओळखीच्या स्त्री-पुरुषांना वर्गणीदार व्हायला सांगा, विक्रीचा निम्मा वाटा माझा आहे. मी आता स्वतःच्या पायावर उभी आहे आणि यातून मिळेल ते सर्वस्वी माझं. न्यू हेवनच्या मुद्रकांना सांगा की हे पुस्तक पुन्हा छापू नका, माझं फार नुकसान होईल. कुणी छापलंच, तर अस्सल प्रत ओळखता येईल, तिच्यावर माझ्या हातची सही असेल. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत कायद्याने जी स्वतःच वस्तू होती, ती स्वामित्व, हिस्सा आणि चोरटी आवृत्ती यांच्याबद्दल इतकं चोख लिहिते. आजच्या मराठी लेखकांपैकी किती जण प्रकाशकाशी असं बोलतात, हा एक वेगळाच विषय. पुस्तकांची खेप लंडनहून आली ती ‘डार्टमथ’ नावाच्या जहाजातून, ज्यात चहाही होता. ब्रिटिश कराविरुद्ध चिडलेल्या बॉस्टनकरांनी तो चहा १६ डिसेंबरला बंदराच्या पाण्यात फेकला. पुस्तकं त्याआधी उतरली होती.

गुलामगिरीतून सुटल्यावर ती काय बोलली? फेब्रुवारी १७७४मध्ये तिने सॅमसन ऑकम या मोहेगन जमातीतल्या, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एका, धर्मोपदेशकाला पत्र लिहिलं आणि ते मार्चमध्ये कनेटिकटच्या वृत्तपत्रात छापलं गेलं, मग न्यू इंग्लंडमधल्या आणखी बऱ्याच पत्रांनी ते उचललं. प्रत्येक माणसाच्या उरात देवाने स्वातंत्र्याची ओढ पेरली आहे, तिला जुलूम सोसवत नाही, ती सुटकेसाठी तळमळते, असं ती लिहिते. वसाहतीतल्या गोऱ्यांना ती ‘आमचे आधुनिक इजिप्शियन’ म्हणते, म्हणजे देवाच्या माणसांना गुलाम करणारे. आणि शेवटी: स्वातंत्र्याचा घोष करायचा आणि दुसऱ्यांवर जुलमी सत्ताही गाजवायची, या दोहोंचा मेळ कसा बसतो हे ठरवायला, माझ्या नम्र मते, तत्त्ववेत्त्याची बुद्धी लागत नाही. जेफरसनने ‘सर्व माणसं समान’ लिहायला अजून दोन वर्षं होती. १७७४ सालीच तिच्या हितचिंतकांनी तिला आफ्रिकेत मिशनरी म्हणून जायचं सुचवलं. तिने नकार दिला आणि वर लिहिलं की तिथल्या लोकांना मीच रानटी वाटेन. तोंड मात्र गप्प ठेवीन याची हमी, कारण मला तिथली भाषाच येत नाही. अठरा प्रतिष्ठितांनी दाखल्यात वापरलेला तो ‘रानटी’ शब्द तिने हसत हसत परत केला आहे.

पुढचं सगळं वेगाने उताराला लागलं. युद्ध पेटलं, व्हीटली घराणं विखुरलं, १७७८ साली तिने जॉन पीटर्स या मुक्त कृष्णवर्णीय माणसाशी लग्न केलं. तो आळशी आणि उधळ्या होता, त्याने तिचं वाटोळं केलं, ही कथा १८३४ सालच्या एका चरित्रातून आली आहे. ते लिहिणारी बाई स्वतःला मालकिणीच्या नात्यातली म्हणवत होती. प्रेमळ गोरी मालकीण आणि नालायक काळा नवरा, ही मांडणी कुणाच्या सोयीची हे सांगायला हवं का? युद्धात भाव आकाशाला भिडले होते. १७७९च्या ऑक्टोबरात फिलिसने दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली: तेहतीस कविता, तेरा पत्रं, अर्पण फ्रँकलिनला, बांधीव प्रतीची किंमत बारा पौंड. पहिल्या पुस्तकाची बांधीव प्रत अडीच शिलिंगांना होती. वर्गणीदार पुन्हा जमले नाहीत. ५ डिसेंबर १७८४ला ती वारली, वय एकतीसच्या आसपास, आणि ते हस्तलिखित आजवर सापडलेलं नाही. या दुसऱ्या पुस्तकाला मालकाचं प्रास्ताविक नव्हतं आणि अठरा सह्याही नव्हत्या. तिच्यावर निकाल देणाऱ्या दोन्ही बाजूंना हे पुस्तक कधी आठवत नाही, कारण ते नाही. आणि ते का नाही, हे विचारण्यात कुणाला रस नाही.

मराठीत तिच्याबद्दल लिहिलं-बोललं जातं तेव्हा त्या आठ ओळींचा अनुवाद समोर येतो. तो येऊ द्या. शाळा-कॉलेजांतल्या तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात तीच कविता लावायची असेल तर खुशाल लावा. पण तिच्या शेजारी ऑकमला लिहिलेलं पत्र छापा, ते जेमतेम पानभराचं आहे. वूस्टरचं पत्रही छापा. विक्रीचा हिस्सा, दस्ताची नक्कल आणि सहीच्या प्रती यांवरही परीक्षेत प्रश्न विचारा.